येसर कुणासाठी

आरतीनं वहीची पाच पानं आखून ठेवली होती आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर एकेक प्रश्न लिहिला होता. घेतं कोण. कधी घेतं. नसला तर काय वापरतं. आपलाच का घ्यावा. पाचव्या पानावर मात्र प्रश्न नव्हता, नुसतं ‘ओळी’ असं ठळक लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. ते पान उघडेपर्यंत पिशवीवर काय छापायचं याबद्दल कुणी एक अक्षर बोलायचं नाही, असा दंडक तिनं जेवणं उरकल्या उरकल्या घालून दिला होता. या घरात सून म्हणून येऊन तिला सहा वर्षं झाली होती. सासऱ्यासमोर दंडक घालायची ही पहिलीच वेळ. त्यामुळे सगळे जरा गमतीतच पडवीत येऊन बसले होते.

दंडक मोडला तिच्या नवऱ्यानंच. आदिनाथला गेले पंधरा दिवस ओळी सुचत होत्या. कांडप यंत्राच्या धडधडाटात सुचत, मोटारसायकलवर सुचत, आंघोळ करतानाही सुचत. त्यानं खिशातून कागद काढला आणि घसा साफ करून वाचलं, ‘‘आईच्या हातची चव, आता तुमच्या ताटात.’’

‘‘माझ्या हातची कुठली रं?’’ त्याची आई छबूबाई पान लावता लावता म्हणाली. ‘‘वन्संच्या हातची हाय ती. मी निस्ती चाळन धरती.’’

सगळे हसले. उंबऱ्याजवळ सुपात बाजरी निवडत बसलेली बनुबाईही हसली. ती छबूबाईची नणंद, आसारामची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर, आरतीचं लग्न होऊन ती या घरात आली त्याच वर्षी, बनुबाई माहेरी परत आली होती. मूलबाळ नव्हतं. रिकामं बसवत नाही म्हणून तिनं एका उन्हाळ्यात येसर केला, आणि आदिनाथनं त्यातला थोडा पिशव्यांत भरून मिरजगावच्या स्टँडवर राधाकृष्णच्या दुकानात ठेवून पाहिला. बाजरी, हरभऱ्याची डाळ, थोडे गहू भाजून, त्यात मसाला घालून दळलेलं ते पीठ. पाण्याला उकळी आली की टाकायचं, आमटी तयार. लग्नकार्यात ही आमटी केली नाही तर या भागातला पाहुणा जेवून उठल्यावरही जेवलो म्हणत नाही. दोन वर्षांत राधाकृष्ण स्वतःहून माल मागायला लागला. आता साध्या पिशव्यांवर भागणार नव्हतं. नगरच्या छपाईवाल्यानं उद्या संध्याकाळपर्यंत मजकूर मागितला होता, पाच हजार पिशव्या एका दमात निघणार होत्या, आणि एकदा निघाल्या की त्यावर जे असेल तेच या मालाचं नशीब.

आसाराम खुर्चीत बसला होता. अडुसष्ट वर्षांचा, ताठ, दोनदा ग्रामपंचायतीत निवडून आलेला. भावकीत भांडण झालं की दोन्ही बाजू त्याच्याकडे येत, कारण आसारामतात्या बोलला म्हणजे ते तसंच असणार, असा त्याच्या शब्दाला मान होता. त्याचं मत त्यानं आधीच देऊन टाकलं होतं. पिशवीवर फेटा बांधलेला फोटो पाहिजे. कुणाचा ते त्यानं सांगितलं नाही, पण पुतण्याच्या लग्नातला एक फोटो दोन दिवसांपासून टीव्हीशेजारी काढून ठेवलेला होता.

आरतीनं फोटोला नाही म्हटलं नाही. ती लग्नाआधी चार वर्षं नगरला एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला होती. ‘‘तात्या, मी तिथं हजार तरी फ्लेक्स केले असतील,’’ ती म्हणाली. ‘‘वाढदिवसाचा एक फ्लेक्स, त्यावर पन्नास फोटो. सगळे शुभेच्छुक. चौकात लागला की तो वाचतं कोण, माहितीय? ज्याचा फोटो आहे तो. बाकी कुणी मान वर करत नाही. आपली पिशवी आपणच वाचायची असली तर फोटो टाकू. पण ती दुसऱ्या कुणी घ्यायची असली, तर तो दुसरा कोण, ते आधी बघू.’’

आसाराम मिशीत हसला. सुनेचं बोलणं त्याला पटायचं. नातं सासऱ्याचं असल्यामुळे तो ते दाखवत नसे एवढंच. त्यानं हातानंच पुढं चालव असं सांगितलं.

पहिलं पान. घेतं कोण? आदिनाथ म्हणाला, सगळेच. छबूबाई म्हणाली, जिला सैपाक करायचा कट्टाळा ती. आसाराम म्हणाला, पुण्याची माणसं. पुण्याचं ठाम होतं त्याच्या मनात. गावाकडचं म्हटलं की पुण्याची माणसं काहीही घेतात असं त्यानं ऐकलं होतं, आणि आपला माल पुण्यात काचेच्या दुकानात मांडलेला त्याला दिसतही होता.

आरतीनं तिघांचं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की गेले दोन दिवस ती बाजाराच्या नावाखाली घरातून जात होती ती राधाकृष्णच्या दुकानात बसायला. त्यानं एक स्टूल दिलं होतं. येसर घेणाऱ्या प्रत्येकाला तिनं एकच विचारलं, हा कुठं नेणार? विकायचं काही बोलायचं नाही, आपलं कौतुक करायचं नाही, निमूट ऐकायचं आणि माणूस बोलेल तसं उतरवायचं. दोन दिवसांत एक्केचाळीस माणसं झाली. सगळी पुढच्या पानांवर नंबर टाकून उतरवली होती.

‘‘वाचते,’’ ती म्हणाली, आणि वाचायला लागली.

एक नंबर, आष्टीकडचा माणूस, सहा पिशव्या, टोळीबरोबर कारखान्याला निघालाय, दसरा झाला की ट्रक येणार. दोन नंबर, नवराबायको, चार पिशव्या, तेही ऊसतोडीला. तीन नंबर ट्रक ड्रायव्हर, गाडीत स्टोव्ह आहे. चार, पाच, सहा, ऊसतोडीला. सात नंबर, पोरगा नगरला खोली करून शिकतो, त्याची आई. आठ, ऊसतोडीला.

बनुबाईचा हात सुपात थांबला.

पडवीतलं कुणी तिच्याकडे पाहत नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी त्यांना काही कळलं नसतं. खाली मान घालून बाजरीतला खडा शोधणारी म्हातारी बाई, एवढंच दिसलं असतं. ही पोरगी निघाली होती येसराचं गिऱ्हाईक शोधायला, आणि सरळ चालत ज्या दाराशी जाऊन उभी राहिली होती त्या दाराला आसारामनं स्वतःच्या हातानं बत्तीस वर्षांपूर्वी कडी घातली होती.

बनुबाईचं स्थळ आसारामनंच पाहिलं होतं. वडील नव्हते, सगळी जबाबदारी त्याची. त्यानं तिकडची बारा एकर जमीन पाहिली, घरातली माणसं पाहिली, खूश होऊन सुपारी फोडून आला. विहिरीत तेवढा डोकावला नाही, ती कोरडी होती. लग्नानंतर दोन वर्षांत बनुबाई नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला जायला लागली. कळल्यावर आसाराम लाडवांचा डबा घेऊन तिला भेटायला गेला. पत्ता विचारत विचारत कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचला तर तिथून त्याला बाहेरच्या माळावर पाठवलं. उसाच्या पाचटाच्या कोप्या होत्या तिथं, कमरेएवढ्या उंचीच्या झोपड्या. बनू डोक्यावर मोळी घेऊन आली. हात उसाच्या पात्यांनी जागोजागी कापलेले. भावाला तिनं कोपीत बसवलं, तीन दगडांवर पाणी ठेवलं, मूठभर येसर टाकला. आसाराम मान खाली घालून जेवला. एकदा आमटी वाढ म्हणाला, पण वर बघितलं नाही.

निघताना त्यानं विचारलं होतं, घरी काय सांगू? आणि बनुबाईनंच सांगितलं होतं, सांग, कारखान्यावर हाय.

खोटं नव्हतंच ते. पण मिरजगावात कारखान्यावर असणं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कारखान्यावर असतो तो कारकून असतो, त्याला क्वार्टर असते, दिवाळीला साखर मिळते. आसाराम हा शब्द घेऊन घरी आला आणि तो त्यानं जपला. पुढं कुणीतरी खोदून विचारलं तेव्हा त्यानं बनूच्या नवऱ्याला टाईमकीपरही करून टाकलं. छबूबाईला खरं माहीत होतं, ती कधी बोलली नाही. आदिनाथ तर टाईमकीपरमामाची गोष्ट ऐकतच मोठा झाला. बनुबाई सणाला माहेरी यायची तेव्हा हातांना तेल चोळून, बांगड्या भरून यायची. सोळा हंगाम तिनं तोडणी केली आणि एकदाही भावाला खाली पाहायला लावलं नाही. ते तिला आजही लावायचं नव्हतं.

आरती वाचत होती. बावीस, ऊसतोडीला. तेवीस, सुट्टी संपवून पलटणीत परत निघालेला जवान. चोवीस, पंचवीस, ऊसतोडीला. सव्वीस, गवंडी, वाघोलीला कामावर राहतो. अठ्ठावीस, ऊसतोडीला.

सत्तावीस आला नव्हता. पडवीत ते एकट्या बनुबाईच्याच लक्षात आलं. सोळा हंगाम तिनं मोळ्या मोजल्या होत्या, मधला आकडा गाळला की तो तिच्या कानाला खटकायचाच. तिनं मान वर केली. वहीचा एक कोपरा आतल्या बाजूला दुमडलेला होता आणि आरतीनं त्यावर अंगठा दाबून धरला होता.

‘‘एक्केचाळिसात सव्वीस ऊसतोडीला जाणारे,’’ आरतीनं शेवटी सांगितलं. ‘‘बाकीच्यांतही बघा. ड्रायव्हर, जवान, गवंडी, खोली करून राहणारा पोरगा. घरी बसून खाणारा एकही नाही. आणि पुण्याचं म्हणाल तर माझी मामेबहीण मोनिका, मागं मी तिला दोन पिशव्या दिल्या होत्या. तिच्याकडे मिक्सर आहे, फ्रिज आहे, दहा तऱ्हेचे मसाले आहेत. तिनं एकदा कौतुकानं आमटी केली, दुसरी पिशवी अजून तशीच आहे. तिला आपल्यावाचून अडत नाही. ज्याच्याकडे एकच भांडं आहे, त्याला अडतं. आपण घरच्या चवीचं बोलत बसलोय तात्या, आणि येसर घेतं कोण, तर जो घराबाहेर पडतो तो.’’

आदिनाथनं आपला कागद उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला काही उपयोगी निघेल. मग म्हणाला की गोष्ट खरी आहे, दसऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात राधाकृष्ण चौपट माल नेतो, हे त्याच्याही लक्षात आलं होतं. पण ती सणाची खरेदी असेल असं त्याला वाटलं. दुसऱ्या पानावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, आश्विन महिना. तो आता बायकोच्या बाजूला जाऊन बसला होता, खरोखरच, खुर्ची सोडून सतरंजीवर.

आसाराम मात्र हसेनासा झाला होता.

‘‘ही जाहिरात करायची न्हाई,’’ तो म्हणाला.

आरतीला वाटलं त्याला हिशेब समजला नाही. ती पुन्हा समजावायला लागली, की अजून जाहिरात केलीच नाही, फक्त कुणासाठी ते ठरवतोय. एकदा ते ठरलं की पिशवीचा आकार ठरेल, भाषा ठरेल, भिंत कुठली रंगवायची ते ठरेल. पुण्यात बोर्ड लावण्यापेक्षा टोळ्यांचे ट्रक जिथं भरतात तिथल्या चार टपऱ्या पुरतील.

‘‘समाजलं मला,’’ आसाराम म्हणाला. ‘‘उद्या सोयऱ्याधायऱ्यात कुनी म्हनंल, आसारामच्या घरात ऊसतोड्यांचा मसाला करत्यात. ती माणसं घेत्यात तर घेऊ द्या. आपुन ते पिशवीवर कशाला लिवायचं? पुन्याचं लिवा. फेटा लावा.’’

छबूबाईनं चटकन नवऱ्याची री ओढली. तात्या म्हणतात तेच बरं, घराच्या नावाचा प्रश्न आहे. बोलताना तिनं एकदाच बनुबाईकडे पाहिलं. ती कुणाची बाजू घेत होती ते त्या एका नजरेत बनुबाईला कळलं. वयनी आपल्यालाच झाकत होती. बनुबाईला भरून आलं आणि थोडा रागही आला. इतकी वर्षं सगळे मिळून तिला झाकत होते, आणि झाकण्यासारखं तिनं काय केलं होतं, तर ऊस तोडला होता.

आरतीनं वाद घातला नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोनिकाच्या मसाल्यांतच आलं होतं, ते पान तिनं उलटलं. चौथा प्रश्न, आपलाच का घ्यावा? बाजारात येसर आणखीही मिळतो, स्वस्त मिळतो. माणसांनी यावर एकच गोष्ट सांगितली होती, शब्द वेगवेगळे, गोष्ट एक. बाकीचा येसर संक्रांतीला खवट होतो. हा होळीपर्यंत टिकतो. टोळी परत गावाला येईपर्यंत पुरतो.

‘‘का टिकतो, हे मला सांगता येत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आईंचा लग्नातला येसर मी पाहिलाय, त्यात खोबरं असतं, तीळ असतात. आत्याबाईंच्या येसरात दोन्ही नाही. आणि मीठ आधीच घातलेलं असतं, ते तर मी कुठंच पाहिलं नाही. पिशवीवर काय लिहायचं ते यावर अवलंबून आहे.’’ तिनं वही मांडीवर ठेवली. ‘‘आत्याबाई, खोबरं का नाही घालत तुम्ही?’’

हा प्रश्न तिनं पूर्वीही विचारला होता, चूल सांभाळताना, सहज. बनुबाई दर वेळी म्हणायची, तिकडं तशीच पद्धत हाय. आजही तेवढंच म्हणायचं होतं. पद्धत म्हटली की विषय संपला असता, उद्या फेटेवाला फोटो नगरला गेला असता, पाच हजार पिशव्या पुण्याच्या रस्त्याला लागल्या असत्या आणि तिथं मोनिकाच्या फडताळात पडून राहिल्या असत्या. भावाचा शब्द राहिला असता. तिचा येसर गेला असता. अठ्ठावन्न वर्षांत तिच्या स्वतःच्या नावावर जमा होईल असं एवढं एकच तर होतं तिच्याजवळ.

तिनं आसारामकडे पाहिलं. तो अंगणातल्या बोअरच्या पाइपाकडे पाहत होता. कोपीत जेवताना मान घालून बसला होता तसाच आत्ताही.

मग तिनं आरतीच्या अंगठ्याकडे पाहिलं. दुमडलेला कोपरा अजून दाबलेलाच होता. या पोरीला ठाऊक होतं. काय ठाऊक होतं कोण जाणे, पण ठाऊक होतं. आणि तरी तिनं तो नंबर गाळला होता, सासऱ्यासमोर आत्याला उघडं पाडलं नव्हतं. प्रश्न विचारला होता आणि उत्तर बनुबाईवर सोडलं होतं.

बनुबाईनं सूप बाजूला सारलं.

‘‘खोबरं वासतं,’’ ती म्हणाली. ‘‘कोपीत ऊन बी लागतं आन दव बी पडतं. दोन म्हैन्यात खोबऱ्याचा वास येतो, मग सगळा येसर टाकावा लागतो. तीळ बी तसंच. मीठ येगळं ठिवलं तर त्याचं पानी हुतं. आन पहाटं फडात जायची घाई, अंधारात मीठ कुठं हुडकायचं? म्हनून आधीच घालायचं. सोळा हंगाम तसाच केला. पद्धत तिकडची न्हाई. माझी हाय.’’

आदिनाथ एकदा आत्याकडे, एकदा बापाकडे पाहायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर सरळ गोंधळ होता.

‘‘पण मामा तर कारखान्यावर टाईमकीपर होते ना?’’

‘‘मामा कारखान्यावर हुते,’’ बनुबाई म्हणाली. ‘‘मी बी हुते. फाटकाच्या भायेर.’’

आसाराम उठला. चप्पल न घालताच पडवीच्या पायऱ्या उतरून अंगणात गेला. छबूबाई त्याच्यामागे जायला निघाली, तिला बनुबाईनं हात धरून बसवलं. तिनं आदिनाथला सांगितलं की बापाला बोल लावू नकोस. ‘कारखान्यावर हाय’ हे सांगायला त्यांना तिनंच सांगितलं होतं. त्यांनी फक्त ते सांभाळलं, लई दिवस सांभाळलं, इतके दिवस सांभाळायची गरज नव्हती एवढंच.

आरतीनं मग अंगठा काढला आणि दुमडलेला कोपरा सरळ केला. बनुबाईला अक्षरं जुळवून वाचता यायची, पण आरतीनंच वाचलं, हळू आवाजात.

‘‘सत्तावीस. साळूबाई, पासष्टीच्या, आष्टीच्या अलीकडचं गाव. ऊसतोडीला जाणाऱ्या लेकासाठी खरेदी करायला आल्या होत्या. दुकानातच पिशवी फोडून चिमूटभर तोंडात टाकली. म्हणाल्या, ‘आसा येसर आमच्या टोळीत बना करायची. आख्खी टोळी तिच्याकडनं न्यायची. तिनं कुनाला कवा न्हाई म्हनलं न्हाई. कुठं आसंल बया आता.’’’

बनुबाईनं पदर तोंडाला लावला. साळूची कोपी तिच्या कोपीला लागून होती, अकरा हंगाम. ती आहे अजून. या घरात बनुबाईला सगळे जपत होते, आदरानं वागवत होते, पण ‘बना’ म्हणून ओळखणारं माणूस तिला गेल्या कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. ती रडली, आणि कुणी तिला गप्प केलं नाही.

अंगणात आसाराम बोअरच्या चबुतऱ्यावर बसला होता. सगळं ऐकू जाईल एवढंच अंतर होतं. बऱ्याच वेळानं तो पाय धुऊन वर आला आणि खुर्चीत न बसता बहिणीच्या शेजारी, उंबऱ्यापाशी बसला. सुपातली बाजरी त्यानं पुढं ओढली आणि निवडायला लागला. त्याला ते काम येत नव्हतं. खडे राहत होते आणि दाणे जात होते. बनुबाईनं सूप त्याच्या हातातून काढून घेतलं.

‘‘घे म्होरलं पान,’’ तो आरतीला म्हणाला.

पाचवं पान उघडलं तेव्हा उन्हं कलली होती. आदिनाथला आता एकही ओळ सुचत नव्हती, आणि ते त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं. आरती म्हणाली, ओळ आपण करायचीच नाही. तिनं बनुबाईला विचारलं, समजा टोळीत एक नवी सून आली आहे, पहिलाच हंगाम, चूल पेटवता येईना, रडायला लागली आहे. तिच्या हातात हा येसर दिला तर तुम्ही तिला काय सांगाल? जसं सांगाल तसंच सांगा.

बनुबाईला विचार करावा लागला नाही. अशा कितीतरी जणी आल्या होत्या.

‘‘पान्याला उकळी येऊ दे. मूठभर टाक. मीठ घालू नगं, त्यात हाय. होळीपतूर काय हुत न्हाई त्याला.’’

आरतीनं ते लिहिलं. पुन्हा वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, फक्त छपाईसाठी लिहायची भाषा जरा सारखी केली. आदिनाथनं मोठ्यानं वाचून पाहिलं आणि म्हणाला, यात आपलं कौतुक कुठंच नाही. आरती म्हणाली, म्हणूनच ते वाचलं जाईल. छबूबाईनं विचारलं, फेट्याचं काय? आसारामनं टीव्हीशेजारचा फोटो उचलून आदिनाथच्या हातात दिला आणि आत कपाटात ठेवायला सांगितला.

राहिली एक जागा. पिशवीच्या मागं, करणाऱ्याचं नाव. तिथं आतापर्यंत आदिनाथच्या कांडपाचं नाव असायचं. आरतीनं कुणाला न विचारता तिथं बनुबाईचं नाव घातलं. मग ती थांबली. नावाखाली एक ओळ हवी होती. ही बाई कोण, तिच्या येसरावर भरवसा का ठेवायचा, हे सांगणारी. तिनं सासऱ्याकडे पाहिलं, आणि बऱ्याच विचारानं, म्हाताऱ्याचा जपलेला शब्द न मोडता, लिहिलं: सोळा हंगाम कारखान्यावर. लिहून वही तिनं आसारामसमोर धरली.

आसारामनं चष्मा लावला. वाचलं. वही तशीच धरून तो बहिणीकडे वळला. बनुबाई बाजरी पाखडत होती, तिनं वर पाहिलं नाही. आता कुणी काहीही लिहिलं तरी तिला चाललं असतं. कारखान्यावर म्हटलं तरी चाललं असतं, तिचाच शब्द होता तो.

‘‘कारखान्यावर खोड,’’ आसाराम म्हणाला.

आरतीनं खोडलं आणि पेन हातात धरून वाट पाहिली. आदिनाथ काही सुचवणार होता, त्याला छबूबाईनं डोळ्यांनी दाबलं. आसारामला वेळ लागला. बत्तीस वर्षांत बहिणीबद्दलचा खरा शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता आणि आता सुनेसमोर, पोरासमोर काढायचा होता.

‘‘उसाच्या फडात लिव्ह,’’ तो म्हणाला. ‘‘सोळा हंगाम, उसाच्या फडात. मी ज्येवलोय तिच्या कोपीत. आमटी मागून घेतली हुती.’’

बनुबाईचं सूप थांबलं. आरतीनं लिहिलं, आणि सगळा मजकूर पहिल्यापासून वाचून दाखवला. पाण्याला उकळी येऊ द्या. मूठभर टाका. मीठ घालू नका, त्यात आहे. होळीपर्यंत काही होत नाही त्याला. करणारी बनुबाई, सोळा हंगाम, उसाच्या फडात.

आसारामनं तो पुन्हा एकदा वाचायला सांगितला.